हार्ड-सॉफ्टचा तक्ता: पाठ करा, पण शेवटी

नेट, गेट किंवा पीएचडीच्या इंटरव्ह्यूची तयारी करताय ना? मग तुमच्या वहीत एक तक्ता असणारच. एका बाजूला हार्ड न्यूक्लिओफाइल: ऑर्गॅनोलिथियम, ग्रिन्यार्ड, हायड्रॉक्साइड, अल्कॉक्साइड. दुसऱ्या बाजूला सॉफ्ट: थायॉल, क्युप्रेट, मॅलोनेट. खाली दोन ओळी. हार्ड आला की तो कार्बोनिलवर जातो, म्हणजे डायरेक्ट किंवा १,२-ॲडिशन. सॉफ्ट आला की बीटा कार्बनवर, म्हणजे कॉन्ज्युगेट किंवा १,४-ॲडिशन. झालं, पुढचा चॅप्टर.

हा तक्ता परीक्षेत मार्क मिळवून देतो, हे मान्य. तरी या पोस्टमध्ये मला त्याच्यावर टीका करायची आहे. कारण तो उत्तर हातात देतो आणि प्रश्न मात्र गिळून टाकतो. लॅबमध्ये तुमची अडचण बहुतेक वेळा अशी असते: रिॲक्शन झाली, टीएलसीवर दोन स्पॉट आले, नको तो प्रॉडक्ट जास्त आला. आता काय बदलायचं? टेम्परेचर, वेळ, सॉल्व्हंट, की कॅटॅलिस्ट? तक्त्याला विचारून बघा. तो एवढंच सांगेल की तुमचा न्यूक्लिओफाइल हार्ड आहे. त्याचं आता काय करायचं?

उदाहरणं लांबून आणायची गरज नाही. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या रोजच्या बघण्यातल्या तीन गोष्टी घेऊ: फेविक्विकची ट्यूब, सीईडी कोटिंगचा ओव्हन आणि पेनिसिलिन. तिन्हींमध्ये न्यूक्लिओफिलिक ॲडिशन आहे, आणि तिन्ही ठिकाणी तक्ता एक तर चुकतो, नाही तर गप्प बसतो.

आधी थोडं बेसिक

एनोन म्हणजे कार्बोनिल आणि त्याला लागून कार्बन-कार्बन डबल बॉन्ड. इथे इलेक्ट्रॉनची कमतरता असलेल्या जागा दोन: कार्बोनिलचा कार्बन आणि बीटा कार्बन. न्यूक्लिओफाइल कार्बोनिलवर गेला तर अल्कॉक्साइड मिळतं आणि कार्बन-कार्बन डबल बॉन्ड तसाच राहतो. बीटा कार्बनवर गेला तर इनोलेट मिळतं, आणि प्रोटॉन घेतल्यावर कार्बोनिल परत जागेवर येतं.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. कार्बोनिलच्या कार्बनवर पॉझिटिव्ह चार्ज जास्त असतो, म्हणून तिथला हल्ला बऱ्याचदा लवकर होतो. पण कार्बोनिलचा पाय बॉन्ड हा कार्बन-कार्बन पाय बॉन्डपेक्षा मजबूत असतो, म्हणून तो शाबूत ठेवणारा १,४-प्रॉडक्ट बऱ्याचदा जास्त स्थिर असतो. म्हणजे आधी पोचणारा एक आणि शेवटी टिकणारा दुसरा. कोण जिंकेल हे एकाच गोष्टीवर ठरतं: आधी पोचलेल्याला परत फिरता येतं का?

सायनाइडचं उदाहरण बघा. ब्युटेनोनवर सायनाइड आणि हायड्रोजन सायनाइडची रिॲक्शन थंडीत, ५ ते १० अंशांना केली तर सायनोहायड्रिन मिळतं, म्हणजे १,२. तीच रिॲक्शन ८० अंशांच्या आसपास केली तर १,४-प्रॉडक्ट मिळतो. न्यूक्लिओफाइल तोच, एनोनही तोच. फक्त गरम केल्यावर सायनोहायड्रिन तुटून सायनाइड मोकळं होतं, पुन्हा प्रयत्न करतं, आणि कधीतरी बीटा कार्बनवर जातं. तिथून परत येणं कठीण, म्हणून माल तिथे साठत जातो. तक्त्यात सायनाइडला खण एकच. दोन प्रॉडक्ट त्या एका खणात कसे बसवणार?

फेविक्विक: तक्ता चुकतो ती जागा

फेविक्विकच्या ट्यूबमध्ये इथाइल सायनोॲक्रिलेट असतं. हा पदार्थ कोडॅकमध्ये काम करणाऱ्या हॅरी कूव्हर यांच्या हाती १९४२ मध्ये लागला. तेव्हा तो सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला, आणि १९५८ मध्ये त्याच गुणासाठी बाजारात आला. आज चाकणच्या कुठल्याही असेंब्ली शॉपमध्ये किंवा घराजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे हे कुटुंब भेटतं.

हे चिकटवतं कशामुळे? हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे. पाणी किंवा हायड्रॉक्साइड बीटा कार्बनवर हल्ला करतं, कार्बनवर निगेटिव्ह चार्ज येतो, तो कार्बन पुढच्या रेणूच्या बीटा कार्बनवर जातो, तो त्याच्या पुढच्यावर. साखळी वाढत जाते. प्रत्येक पायरी कॉन्ज्युगेट ॲडिशन. म्हणूनच पावसाळ्यात ते पटकन धरतं, अल्कलाइन पृष्ठभागावर आणखी पटकन, आणि ट्यूबमध्ये घट्ट होऊ नये म्हणून कंपन्या त्यात थोडं ॲसिड घालतात.

आता तक्ता काढा. पाणी आणि हायड्रॉक्साइड कुठल्या बाजूला? हार्ड. एस्टरचं कार्बोनिल? तेही हार्ड. मग तक्त्याप्रमाणे पाण्याने एस्टरवर जायला हवं, हायड्रॉलिसिस व्हायला हवं, आणि बोटं चिकटायला नकोत. बोटं चिकटतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

खरं कारण न्यूक्लिओफाइलच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. बीटा कार्बनवर हल्ला झाला की निगेटिव्ह चार्ज ज्या कार्बनवर येतो, त्याला एका बाजूने सायनो गट आणि दुसऱ्या बाजूने एस्टर सांभाळून घेतात. चार्जला इतकी चांगली जागा मिळाली की पाण्यासारखा दुबळा न्यूक्लिओफाइलसुद्धा साखळी सुरू करू शकतो. एस्टरवर हल्ला केला तर चार्ज एका ऑक्सिजनवर अडकतो, आणि तिथून पुढे जाण्यापेक्षा मागे येणं सोपं. म्हणजे इथे वेग आणि स्थैर्य दोन्ही १,४ च्याच बाजूला. तक्ता न्यूक्लिओफाइलकडे बघत बसला आणि निकाल इलेक्ट्रोफाइलने दिला.

आणखी एक गोष्ट. कारखान्यात हा मोनोमर बनवताना इथाइल सायनोॲसिटेट आणि फॉर्मल्डिहाइड यांची नोव्हेनागेल रिॲक्शन करतात. तिथे आधी पॉलिमरच तयार होतो. मग तो तापवून तोडतात आणि मोनोमर डिस्टिल करून घेतात. म्हणजे ज्या कॉन्ज्युगेट ॲडिशनने आपलं बोट चिकटतं, तीच उष्णतेने उलटी फिरवूनच हा माल बाजारात येतो.

सीईडीचा ओव्हन: डायरेक्ट ॲडिशन, आणि तीही उलटी

भोसरी किंवा चाकण एमआयडीसीतून फिरताना ‘सीईडी कोटिंग’ अशा पाट्या तुम्ही वाचल्या असतील. गाडीची बॉडी किंवा ब्रॅकेट पाण्यातल्या रेझिनच्या टाकीत बुडवतात, तिला कॅथोड करतात, रेझिन तिच्यावर बसतं, आणि मग माल ओव्हनमध्ये जातो. तिथे साधारण १६० ते १८० अंशांना लेप पक्का होतो.

अशा रेझिनमध्ये बहुधा इपॉक्सी-अमाइनचा सांगाडा असतो आणि जोडीला आयसोसायनेट. आयसोसायनेटच्या मधल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट येऊन बसला की युरेथेन बनतं. ही सरळसरळ डायरेक्ट ॲडिशन. पण अडचण अशी की टाकीत पाणीच पाणी, आणि मोकळं आयसोसायनेट पाण्याशीही रिॲक्ट होतं. मग टाकी टिकते कशी? आयसोसायनेट आधीच एखाद्या लहान न्यूक्लिओफाइलशी जोडून ठेवलेलं असतं. त्याला ब्लॉक्ड आयसोसायनेट म्हणतात. खोलीच्या तापमानाला ते निवांत पडून असतं. ओव्हनमध्ये ब्लॉक करणारा रेणू सुटून बाहेर पडतो आणि रेझिनचा हायड्रॉक्सिल त्याची जागा घेतो.

हे सगळं तंत्र कशावर उभं आहे? डायरेक्ट ॲडिशन उष्णतेने उलटी फिरते, यावर. ब्लॉकिंगचा रेणू बदलला की ओव्हनचं तापमान बदलतं, आणि ओव्हनचं तापमान म्हणजे गॅसचं बिल. इथे पैसा आणि केमिस्ट्री एकाच प्रश्नाला येऊन भिडतात: ही ॲडिशन किती अंशांना परत फिरते? तक्त्यात तापमानाला रकानाच नाही, त्यामुळे इथे त्याच्याकडे बोलायला काही नाही.

पिंपरीचं पेनिसिलिन आणि सायनो गटाची दुसरी करामत

पिंपरीची हिंदुस्तान ॲंटिबायोटिक्स, आपल्याकडची ‘एच.ए. कंपनी’, १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिन जिवाणूंना मारतं ते डायरेक्ट हल्ल्यामुळे. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइममधल्या सेरीनचा ऑक्सिजन पेनिसिलिनच्या बीटा-लॅक्टमच्या कार्बोनिलवर जातो. चौकोनी ताणलेली रिंग उघडते आणि पेनिसिलिन एन्झाइमला चिकटून बसतं. एकदा ताण सुटला की रिंग पुन्हा मिटत नाही. परतीची वाट बंद, एन्झाइम निकामी.

याच्या शेजारी आजची कॅन्सरची औषधं ठेवा. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या इब्रुटिनिबमध्ये ॲक्रिलामाइड गट आहे. त्याच्या बीटा कार्बनवर बीटीके या एन्झाइममधल्या सिस्टीनचं सल्फर येऊन बसतं. ही कॉन्ज्युगेट ॲडिशन, आणि व्यवहारात न फिरणारी. इथपर्यंत तक्ता खूश: सल्फर सॉफ्ट, म्हणून १,४.

पण त्या ॲक्रिलामाइडच्या अल्फा कार्बनवर एक सायनो गट लावा. हल्ला तिथेच होतो, सल्फरच करतं, प्रॉडक्टही १,४ च. फरक एवढाच की आता बंध परत सुटू शकतो. चार्ज सांभाळणारा गट वाढला, अल्फाचा प्रोटॉन जास्त ॲसिडिक झाला, आणि उलटी रिॲक्शन सोपी झाली. औषध एन्झाइमला धरतं आणि सोडतंही. रिल्झाब्रुटिनिब हे औषध याच कल्पनेवर आहे. फेविक्विकमध्ये जो सायनो गट हल्ला सोपा करतो, तोच इथे परतीची वाट उघडतो.

चुकीच्या प्रोटीनला कायमचं चिकटलेलं औषध आणि काही वेळाने सुटणारं औषध, यातला फरक पेशंटला भोगावा लागतो. तक्त्यात दोन्हींची नोंद एकच: सल्फर, सॉफ्ट, १,४.

तक्त्याची बाजू

समीक्षा करायची तर समोरच्याची बाजूही मांडली पाहिजे. ऑर्गॅनोलिथियम एनोनवर बहुतेकदा १,२ देतं, तक्ताही तेच सांगतो. पण का? साधं कारण असं की कार्बॅनायन एकदा कार्बोनिलला जोडला गेला की सुटून परत जाणं त्याला जवळपास अशक्य. वाट एकेरी, म्हणून आधी पोचला तो जिंकला. ‘हार्ड’ हे या गोष्टीला दिलेलं टोपणनाव आहे.

क्युप्रेटचं काय? १९४१ मध्ये खराश आणि टॉनी यांनी दाखवलं की आयसोफोरोनवर मिथाइल ग्रिन्यार्ड टाकताना चिमूटभर कॉपर क्लोराइड घातलं तर मुख्य प्रॉडक्ट १,२ चा १,४ होतो. तक्ता म्हणतो, कॉपरने न्यूक्लिओफाइल सॉफ्ट केला. पण कॉपरचं काम त्याहून बरंच वेगळं आहे. ते आधी डबल बॉन्डला धरतं, बीटा कार्बनशी बंध करून कॉपर-तीन अवस्थेत जातं, आणि मग मिथाइल त्या कार्बनला देऊन मोकळं होतं. असे कॉपर-तीन मध्यस्थ २००७ मध्ये एनएमआरवर प्रत्यक्ष दिसले. इथे न्यूक्लिओफाइलचा स्वभाव बदललेला नाही, रस्ताच बदललाय. फक्त ‘सॉफ्ट’ म्हणून पुढे गेलात तर लिगंड बदलून एनॅन्शिओसिलेक्टिव्हिटी कशी मिळवायची हा विचारच सुचणार नाही, आणि अलीकडच्या कॉपर केमिस्ट्रीचा मोठा भाग त्याच विचारावर चाललाय.

लूशची रिॲक्शनही अशीच. १९७८ मध्ये जाँ-लुई लूश यांनी सोडियम बोरोहायड्राइडमध्ये सेरियम क्लोराइड घालून एनोनमधून ॲलाइल अल्कोहोल मिळवलं, म्हणजे १,२. तक्त्याचं स्पष्टीकरण इथे बऱ्यापैकी जमतं: सेरियममुळे बोरोहायड्राइडवरचे हायड्राइड जाऊन मेथॉक्सी येतात आणि रीएजंट हार्ड होतो. ठीक. पण बोरोहायड्राइड स्वतः कुठल्या बाजूला? काही नोट्समध्ये हार्ड, काहींमध्ये सॉफ्ट, प्रश्नाचं उत्तर काय यायला हवं त्याप्रमाणे. निकाल बघून ज्याची बाजू ठरते, त्या तक्त्याने भाकीत केलं असं म्हणता येत नाही.

तक्ता आला कुठून, आणि पुस्तकं काय म्हणतात

राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये हार्ड-सॉफ्टची कल्पना मांडली ती मुख्यतः ॲसिड-बेसच्या जोड्या किती घट्ट बसतात यासाठी, म्हणजे समतोलासाठी. १९६७ मध्ये ती ऑरगॅनिककडे आली, आणि १९६८ मध्ये क्लोपमन यांनी तिला चार्ज आणि ऑर्बिटलचा आधार दिला. या प्रवासात समतोलाची कल्पना वेगासाठी वापरली जाऊ लागली. आपल्या नोट्समध्ये तर वेग कुठला आणि समतोल कुठला, हा भेदच राहिला नाही.

२०११ मध्ये म्युनिकच्या हर्बर्ट मायर आणि सहकाऱ्यांनी ॲंगेवांटे केमीमध्ये एक लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी दोन टोकं असलेल्या रिॲक्टंटसाठी हार्ड-सॉफ्टला निरोप दिला. त्यांचा रोख मुख्यतः सायनाइड, थायोसायनेट, इनोलेट अशा न्यूक्लिओफाइलवर आहे, त्यामुळे तो लेख जसाच्या तसा एनोनला लावू नका. पण त्याची शिस्त उचलण्यासारखी आहे: मोजलेला प्रॉडक्ट वेगाने ठरला की समतोलाने, हे आधी तपासा, मग तत्त्व लावा.

क्लेडन आणि मंडळींचं पुस्तक या बाबतीत आपल्या नोट्सपेक्षा कितीतरी चांगलं आहे. तिथे सायनाइडचं तापमान आधी येतं आणि हार्ड-सॉफ्ट नंतर. २००१ च्या पहिल्या आवृत्तीत कॉन्ज्युगेट ॲडिशन दहाव्या प्रकरणात होतं, म्हणजे समतोल आणि वेगाच्या प्रकरणाच्या आधीच. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते बाविसाव्या प्रकरणात गेलं, समतोल आणि वेग शिकून झाल्यावर. मला हा बदल योग्य वाटतो. आपण मात्र नोट्स काढताना त्यातला शेवटचा तक्ता तेवढा उतरवतो आणि त्याच्या आधीची पानं सोडून देतो.

मग करायचं काय?

प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला: या तापमानाला, या वेळेत, ही ॲडिशन परत फिरते का? फिरत असेल तर स्थिर प्रॉडक्ट शोधा, तो बहुधा १,४ असेल. दुसरा: फिरत नसेल तर निगेटिव्ह चार्ज कुठे येतो, आणि त्याला सांभाळणारं कोण आहे? बीटा कार्बनवर गर्दी किती? ॲसिड क्लोराइडसारखं फार तापट कार्बोनिल आहे का? तिसरा: धातू किंवा कॅटॅलिस्ट आहे का, आणि तो फक्त मदत करतोय की रस्ताच बदलतोय? हे तीन झाले की मग चौथ्या क्रमांकावर हार्ड-सॉफ्ट. तेव्हा तो तक्ता आठवणीसाठी छान उपयोगी पडतो.

आणि लॅबमध्ये गेल्यावर हा प्रयोग विसरू नका. १,२-प्रॉडक्ट वेगळा काढा, शुद्ध करा आणि त्याच कंडिशनमध्ये परत टाका. वेळोवेळी सॅम्पल काढून बघा. १,४ दिसायला लागला तर परतीची वाट उघडी आहे. काहीच बदललं नाही तर १,२ वेगाने मिळालेला आणि तिथेच अडकलेला आहे. एका दिवसाचं काम, पण त्यानंतर तापमान बदलायचं की कॅटॅलिस्ट, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

यातही एक खाच आहे. न्यूक्लिओफाइल ॲलाइल असेल तर १,२-प्रॉडक्टचं अल्कॉक्साइड न सुटताच ऑक्सी-कोप रिअरेंजमेंटने १,४ सारख्या दिसणाऱ्या प्रॉडक्टमध्ये जाऊ शकतं. तिथे १,४ दिसला म्हणून ॲडिशन उलटी फिरली असं समजू नका. ॲलाइलच्या एका टोकाला मिथाइल किंवा ड्युटेरियमची खूण ठेवली तर कुठलं टोक जोडलं गेलं ते कळतं, आणि कॉपर-लिथियमच्या वादात न पडता उत्तर मिळतं.

इंटरव्ह्यूमध्ये कोणी विचारलं की सायनाइड एनोनवर कुठे जाईल, तर ‘१,४’ एवढंच म्हणून थांबू नका. ‘किती तापमानाला, सर?’ असं विचारा, आणि दोन्ही तापमानांचं उत्तर तयार ठेवा. समोरचे पुढचा प्रश्न विचारतील, आणि तो बहुधा तुम्ही आधीच स्वतःला विचारलेला असेल.